नायलॉनची चाके

चाकणच्या कारखान्यात त्याच्या टेबलापासून वीस पावलांवर एक बंद पेटी आहे. रंगवलेल्या पत्र्याचे तुकडे तिच्यात मांडतात आणि ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा शेकडो तास सोडून ठेवतात. पत्र्यावर मुद्दाम ओढलेल्या चऱ्यापासून गंज किती मिलिमीटर सरकला, हे मोजणे त्याचे काम. रात्री मोशीच्या घरी, जेवणाचे टेबल आवरले की तोच माणूस स्वयंपाकघरातले मीठ चिमटीत घेतो आणि वीतभर लांबीच्या गाडीवर भुरभुरवतो. इथे त्याला गंज हवा असतो.

ही गाडी म्हणजे टाटा सुमो, एकास चोवीस प्रमाणातली. जग मोडून पडल्यावर वीस वर्षांनी ती कशी दिसेल, तशी. काचांच्या जागी जाळ्या, टपावर ताडपत्री आणि पाण्याचे कॅन, डावीकडचे मागचे दार दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे.

जगभर अशी मॉडेल करणारे छांदिष्ट आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा माग काढला तर तो १९७९ च्या ‘मॅड मॅक्स’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटापर्यंत जातो. दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे शिक्षणाने डॉक्टर. रस्त्यावरच्या अपघातांत सापडलेली माणसे त्यांनी रुग्णालयात पाहिली होती. २०१५ च्या ‘फ्युरी रोड’साठी कला दिग्दर्शक कॉलिन गिब्सन यांच्या चमूने सुमारे दीडशे गाड्या उभ्या केल्या आणि त्या नामिबियाच्या वाळवंटात खरोखर पळवल्या. त्या पाहून कितीतरी जणांनी घरात कटर आणि ब्रश हाती घेतला.

त्याची गोष्ट मात्र भोसरीत सुरू होते, १९९४ साली.

त्या वर्षी सुमो बाजारात आली. ती बनवणाऱ्या टेल्को कंपनीचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे जोडून तिचे नाव ठेवलेले. याच मुळगावकरांनी पिंपरीच्या माळावर कारखाना उभारताना, १९६६ पासून, आधी मशीन टूल्स आणि कारागिरांचे प्रशिक्षण यांवर भर दिला. तिथून पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली ती १९७७ साली. आधी हत्यार, मग गाडी.

त्याचे वडील भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपात टर्नर होते. नऊ वर्षांच्या मुलाने सुमोचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनीही तोच क्रम धरला. पहिल्यांदा चाके. सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून त्यांनी नायलॉनच्या दांड्यातून लेथवर चार चाके काढली, पाचवे स्टेपनीचे. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून, कथलाने डाग देऊन चौकोनी बॉडी केली. खंडेनवमीला वर्कशॉपातल्या लेथला, ड्रिलला, व्हाइसला हार घातले, तेव्हा त्या सुमोच्या बॉनेटवरही कुंकू लागले.

गाडी किती प्रमाणात केली, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता. प्रमाण म्हणजे काय, हे त्याला कळले ते चार वर्षांनी. १९९८ मध्ये कोथरूडला भाऊ जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. तिथे अख्खे शहर एकास सत्त्याऐंशीत बसवलेले होते, रूळ, सिग्नल, पूल, घाट, सगळे एकाच मापाला बांधलेले. घरी आल्यावर त्याने सुमोच्या शेजारी फुटपट्टी ठेवली. मग शाळा, डिप्लोमा, हॉस्टेल, नोकरी. सुमो माळ्यावर गेली.

पुढची बावीस वर्षे तिने एका गळक्या कौलाखाली काढली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरची रांग दिसेना. रात्रपाळीच्या बसगाड्या थांबल्या, भोंगे थांबले. या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाने असली शांतता कधी ऐकली नव्हती. यार्डात नव्याकोऱ्या गाड्या ओळीने उभ्या, त्यांच्यावर धूळ बसत चाललेली. ते दृश्य त्याच्या डोक्यातून गेले नाही. त्याच दिवसांत माळा आवरताना सुमो हाताला लागली. उचलताना बॉडीचा भुगा झाला. तांबूस पापुद्रे, कथलाचे दोन थेंब आणि गंजून पातळ झालेले दोन आस एवढेच उरले होते. चाके मात्र जशीच्या तशी होती. नायलॉनला गंज चढत नाही.

त्याने व्हर्नियर आणला. चाकाचा व्यास भरला ३० मिलिमीटर. खऱ्या सुमोचे चाक टायरसकट सुमारे ७० सेंटिमीटर. भागाकार केला, तर उत्तर चोविसाच्या जवळ आले. वडिलांनी नुसत्या नजरेने माप धरले होते. त्याच क्षणी त्याने ठरवले की बॉडी पुन्हा करायची, पण नवी कोरी नाही. या चाकांनी जे सोसले, ते दिसेल अशी करायची.

बॉडी त्याने प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून कापली. चिलखती पत्रे थंड पेयाच्या कॅनचे, पुढची जाळी मच्छरदाणीची, सायलेन्सर संपलेल्या रिफिलचा. फेविक्विकवर खाण्याचा सोडा टाकला की क्षणात खडबडीत, कडक थर बसतो आणि तो घाईघाईने केलेल्या वेल्डिंगसारखा दिसतो. मग गंजाची पाळी. आधी विटकरी आणि काळपट तपकिरी रंग, वर ओलसर मीठ, त्यावर फिकट निळा रंग. वाळल्यावर मीठ खरवडले की निळ्यातून तपकिरी डाग उघडे पडतात. काही ठिकाणी त्याने रंगावर भिस्त ठेवली नाही. भोसरीहून लोखंडाची ग्राइंडिंगची धूळ आणली, गोंदावर चिकटवली आणि व्हिनेगर लावले. दुसऱ्या दिवशी तिथे खराच गंज उगवला होता.

पहिला प्रयत्न वडिलांना दाखवला. सत्तरी ओलांडलेल्या त्या टर्नरने चष्मा वर केला, गाडी उलटी केली आणि म्हणाले, “टपावर एवढा गंज कसा रे? दार खालून सडतं. पाणी तिथं थांबतं.”

हे तर तो स्वतः रोज शिकवत होता. कारखान्यात गाडीची उघडी बॉडी फॉस्फेटच्या आणि मग विजेने रंग चढवणाऱ्या टाकीत पूर्ण बुडवतात, ती याचसाठी. दाराच्या दुमडलेल्या खालच्या कडेत, जिथे ब्रश पोचत नाही, तिथेही रंग शिरायला हवा. चिखलाने पाणी निघायचे भोक बुजले की त्या कडेत ओल साचते. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा मागतो, म्हणून रंग आधी फुगतो आणि मग फुटतो. वडिलांच्या त्या वाक्यानंतर तो कुदळवाडीच्या भंगार गल्ल्यांत जाऊन सुमोची दारे पाहू लागला. एका दाराची खालची कड तर त्याने विकतच घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने अनधिकृत म्हणून तिथली हजारो बांधकामे पाडली, तेव्हा त्या गल्ल्याही गेल्या. ते दार आता त्याच्या गॅलरीत आहे.

पाण्याचा विचार सुरू झाल्यावर मॉडेलही बदलले. पडद्यावरचा जगाचा शेवट वाळवंटात होतो, तिथे हवा कोरडी आणि गंज संथ. मावळात जग संपले तरी मृग लागेलच. त्याच्या सुमोच्या टपाच्या पन्हाळीत शेवाळ आहे, वायपरखाली कुजलेला पाला आहे, बॉनेटच्या फटीतून पिंपळाचे रोप डोकावते. चाकांच्या वरची कमान लाल चिखलाने माखलेली आहे. नंबर प्लेटवर ‘एमएच १४’ एवढेच वाचता येते.

आणि ही गाडी चालू आहे. त्याचा आग्रह तोच. दार बदललेले आहे, म्हणजे ते कुणीतरी बदलले. सायलेन्सर तारेने आवळलेला आहे, म्हणजे आवळणारा हात शाबूत होता. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, साठ हजारांच्या आसपास खर्चून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक करून बदल्यात बोलेरो देऊ केली, ती त्यांना मिळालीही. त्या चारचाकीचा व्हिडिओ त्याने कितीदा पाहिला असेल. मॉडेलमध्ये ड्रायव्हर बसवलेला नाही, पण सीटमागे एकास चोविसातली पाने-पक्कडची पेटी आहे आणि तिचे झाकण उघडे आहे.

चाकांवर त्याने रंग लावला नाही. चिखल तेवढा उडवला, तोही वडिलांनी लेथवर पाडलेल्या रेघा बुजणार नाहीत इतका पातळ. खऱ्या सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले.

गेल्या खंडेनवमीला वडिलांनी कपाटातून जुना मायक्रोमीटर काढून पाटावर ठेवला. त्याने व्हर्नियर ठेवला, कटर ठेवला, शेजारी सुमो. आईने हळदकुंकू वाहिले. हार गाडीला मोठा होता, म्हणून वडिलांनी झेंडूची एक पाकळी तोडली आणि दोन बोटांत धरून, शेवाळाला धक्का न लावता, स्टेपनीवर ठेवली.