दोन साहेबांच्या मधला माणूस

चि. मृणाल हिस,

तुझं पत्र पोचलं. चार प्रोजेक्ट तुझ्या नावावर लागले आणि हाताखाली म्हणावा असा एकही माणूस नाही, हे वाचून दादा काळजीत पडला. मॅट्रिक्स रचनेत प्रोजेक्ट मॅनेजरची सुरुवात अशीच होते, असं मी त्याला सांगितलं. डिझाइनची मुलं डिझाइनच्या एचओडींची, टूलरूमची टूलरूमच्या. काम तू करून घ्यायचं. त्यांची रजा, बढती, पगारवाढ मात्र दुसऱ्याच्या हातात. जबाबदारी सगळी आणि अधिकार काहीच नाही, ही तुझी तक्रार अगदी खरी आहे. पण मला जास्त घोर लागला तो तुझ्या पत्रात दोन ओळींत येऊन गेलेल्या त्या डिझाइनच्या मुलाचा, जो 'कुणालाच नाही म्हणत नाही'.

त्याचा एक दिवस डोळ्यांसमोर आण. सकाळी तो ब्रॅकेटच्या मॉडेलला बसतो. दहा वाजता दुसऱ्या प्रोजेक्टचा फोन येतो: ट्रायलचे पीस आलेत, भोक अर्धा मिलिमीटर सरकलंय, खाली ये. तो शॉपवर जातो, पीस गेजवर लावून बघतो, ड्रॉइंग तपासतो, तर टूलरूमकडे जुनी रिव्हिजन निघते. ते निस्तरून वर येईपर्यंत साडेबारा. मॉडेलमध्ये आपण कुठवर आलो होतो हे आठवण्यात आणखी वेळ जातो, आणि तेवढ्यात एचओडी विचारतात, मी सांगितलेल्या कामाचं काय झालं? संध्याकाळी तिघांच्या शीटवर तिन्ही कामं 'चालू' दिसतात. संपलेलं एकही नसतं. लोडिंग शीटमध्ये त्याच्या नावापुढे तिघांनी पन्नास-पन्नास टक्के टाकलेले असतात. प्रत्येकाला फक्त आपले पन्नास दिसतात, म्हणून दीडशेची बेरीज कुणाला खटकत नाही.

जेराल्ड वाइनबर्ग यांनी सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक ठोकताळा सांगितला होता. एका माणसाकडे दोन प्रोजेक्ट असले तर प्रत्येकाला चाळीस टक्के वेळ मिळतो आणि वीस टक्के इकडून तिकडे जाण्यातच संपतो. तीन असले तर प्रत्येकाच्या वाट्याला वीसच, आणि चाळीस टक्के वाया. हा ठोकताळा आहे, मोजमाप नव्हे. पण शॉप फ्लोअरवर आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला तो पटतो.

तरीही या रचनेला शिव्या देऊ नकोस. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेतल्या विमान आणि अवकाश उद्योगात ती रुजली ती गरजेपोटी. प्रत्येक रॉकेटला वेगळे इंधनतज्ज्ञ परवडत नव्हते, आणि सगळे आपापल्या खात्यात बसून राहिले तर रॉकेट वेळेवर उभं राहत नव्हतं. आपल्याकडे एसएलव्ही-३ या रॉकेटचे प्रोजेक्ट डायरेक्टर होते कलाम, पण घन इंधनाचं काम वसंत गोवारीकरांच्या गटाकडे होतं. गोवारीकर काही कलामांच्या हाताखालचे नव्हते. १० ऑगस्ट १९७९चं पहिलं उड्डाण फसलं, १८ जुलै १९८०ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. तोवर गोवारीकर हे रॉकेट बनवणाऱ्या थुंब्याच्या केंद्राचे संचालकही झाले होते. पद असं वरखाली होत असतानाही काम पुढे गेलं, कारण रॉकेट एक होतं आणि ते सगळ्यांचं होतं.

एकाच्या जागी पाच झाली की गोष्ट अवघड होते. १९८३मध्ये हैदराबादला क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम सुरू झाला तो पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश, नाग अशा पाचांचा. प्रत्येकाला स्वतंत्र प्रोजेक्ट डायरेक्टर, तज्ज्ञ मात्र बरेचसे सामायिक. पृथ्वी १९८८ला उडालं, अग्नी १९८९ला. नागच्या चाचण्या त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिल्या. पाच कामं एका दमात सुरू करता येतात, संपवता येत नाहीत. रांग लागतेच. विचार करून लावली नाही, तर जो मोठ्याने ओरडेल त्याचा नंबर पहिला.

म्हणून तुझ्या चार प्रोजेक्टांचा क्रम आधी लावून घे. चारही 'टॉप प्रायॉरिटी' आहेत असं साहेब म्हणाले, तर त्यांनी निर्णय टाळला असं समज. त्यांना सरळ विचार, दोन ट्रायल एकाच दिवशी आल्या तर कुठली सोडू? उत्तर मिळालं की त्याच संध्याकाळी मेल कर आणि सगळ्या एचओडींना सीसीत ठेव.

गोड बोल, चहा पाज, काम होतं, असा सल्ला तुला पुष्कळ जण देतील. ओळखी हव्यातच, पण नुसत्या ओळखीवर काम उपसलंस तर ते दुसऱ्या प्रोजेक्टच्या वेळातून येतं, आणि बोलणी तो मुलगा खातो. माणूस हवा असेल तर त्याच्या एचओडींकडे माग, किती दिवस आणि कशासाठी हे सांगून. अप्रेझल तेच लिहितात, तेव्हा त्यांचं काम आधी होणार. यात मुलाचा काही दोष नाही. तुमच्या कंपनीत या रचनेला 'बॅलन्स्ड मॅट्रिक्स' म्हणतात म्हणे. पगारवाढ एकाच बाजूच्या हातात असताना तो बॅलन्स कागदावरच राहणार. तुझ्या हातात एवढं आहे की त्याने चांगलं काम केलं की त्याच आठवड्यात, त्याचं नाव घेऊन, एचओडींना लेखी कळवायचं. मार्चपर्यंत थांबलीस तर कुणाला काही आठवत नाही.

आणि सोमवारी एक काम कर. त्याच्या नावापुढचे सगळ्यांचे टक्के एका कागदावर मांड, बाकीच्या मॅनेजरांना आणि एचओडींना एका टेबलाशी बसव आणि शंभरच्या आत आणल्याशिवाय कुणाला उठू देऊ नकोस. त्या मुलाला त्या बैठकीला बोलावू नकोस. हा वाद तुमच्यातला आहे, त्याच्यासमोर नको. काय ठरलं ते मला लगेच कळव.

तुझी,
आत्या