धामणीची आंघोळ

सापालाही आंघोळ घालावी लागते, हे मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या मुरबाड तालुक्यात साप दिसला की माणसे एक तर काठी शोधतात, नाहीतर हात जोडतात. याहून तिसरे काही करता येते, हे मी शहापूरला मामांच्या परसात शिकलो. पण ती हकीकत सांगण्याआधी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

मी तेव्हा सातवीत होतो. भातलावणीचे दिवस होते. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, दिवसभर चिखलात राबून रात्री पडवीत जमिनीवर गोधडी टाकून झोपला. पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. अंगावर जखम नाही, सूज नाही. आजीने ओवा चावायला दिला. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, जीभ अडखळू लागली. तेव्हा कुणीतरी हळूच म्हणाले, "पान लागलं."

दादाला शेजारच्या वाडीतल्या भगताकडे नेले. अंगारा लावला, लिंबू उतरवले, नारळ फोडला. कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, तेही पाहिले. जीप मिळवून दवाखान्याच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. दवाखाना येण्याआधीच दादाचा श्वास थांबला.

ती मण्यार असावी, हे मला फार पुढे वाचून कळले. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. घोड्याच्या रक्तातून तयार होणारे हे औषध परळच्या हाफकिनने वर्षानुवर्षे बनवले. आमच्या आसनगावहून लोकलने गेले तर परळ दोन-अडीच तासांवर आहे. दादासाठी आम्ही सगळे काही केले. जे करायला हवे होते तेवढे मात्र वेळेवर केले नाही.

त्या दुपारी अंगणात दादाला शेवटची आंघोळ घातली. मोठी माणसे सांगतील तसे मी तांब्याने पाणी ओतत होतो. त्यानंतर दोन वर्षांत मी तीन साप मारले. तिन्ही बिनविषारी पाणदिवड होते, हेही नंतरच कळले.

आजीने मात्र नागपंचमी मोडली नाही. त्या दिवशी आमच्याकडे विळी चालत नाही, तवा चढत नाही, शेतात कुदळ पडत नाही. जमिनीतल्या जीवाला इजा होऊ नये, एवढाच त्यातला भाव. पाटावर गंधाने नाग काढायचा, लाह्या आणि दूध ठेवायचे. मी त्या पाटासमोर कधी बसलो नाही. आजीने कधी बोलावलेही नाही.

गेल्या वर्षी नागपंचमीला मी शहापुरात होतो. बाजारात एक गारुडी दोन टोपल्या घेऊन आला होता. एकीत नाग, दुसरीत धामण. बायाबापड्या हळद-कुंकू वाहत होत्या, दूध ओतत होत्या, चिल्लर टाकत होत्या. दुपारी वनखात्याची माणसे आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजाही उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, मग बाजारातल्या टोपल्यांची काय कथा! नागाचे ओठ दोऱ्याने शिवलेले होते. त्याला पशुवैद्याकडे नेले. धामण त्या रात्रीपुरती मामांच्या शेजारी राहणाऱ्या सर्पमित्र काकांच्या स्वाधीन झाली.

"पाणी आण," काका मला म्हणाले, "आणि हात घालून बघ. गरमही नको, गारही नको."

मी दारातच उभा राहिलो. काकांना दादाची गोष्ट ठाऊक होती. ते काही बोलले नाहीत. पसरट प्लास्टिकचा टब धुऊ लागले. शेवटी मी पाणी आणले.

टबात पाणी इतकेच घेतले की धामणीच्या अंगाची निम्मी जाडी बुडावी. साप पोहतो खरा, पण थकलेल्या सापाला डोके वर धरता आले नाही तर तो बुडून मरतो. साबण नाही, शिकेकाई नाही, डेटॉल तर नाहीच. सापाचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब धरत नाही. कढत पाणी त्याला भाजते आणि गार पाण्याने तो गारठतो. नुकते भक्ष्य गिळलेल्या सापाला तर पाण्यात घालायचेच नाही, तो खाल्लेले ओकून टाकतो. हे सारे काका हात चालवता चालवता सांगत होते.

धामण पाण्यात सोडली. ती हलली नाही. मग तिने तोंड पाण्याला टेकवले आणि तिचा गळा हलू लागला. ती पाणी पीत होती. मी घड्याळ पाहिले नाही, पण कितीतरी वेळ ती पीतच राहिली. साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही. गारुडी त्याला दिवसचे दिवस तहानलेला ठेवतो, म्हणून समोर येईल ते तो गिळतो आणि आपण म्हणतो, देवाने नैवेद्य घेतला. सकाळपासून तिला दूध मिळाले, हळद मिळाली, कुंकू, फुले, पैसे मिळाले. पाणी कुणी दिले नव्हते.

पंधरा-वीस मिनिटांनी कुंकू सुटू लागले, पाणी लाल झाले. काकांनी ते दोनदा बदलले. मग सुती फडके भिजवून मानेपासून शेपटीकडे हलकेच फिरवायचे. उलटे फिरवले की खवले उचकटतात. कोरड्या टोपलीत राहून तिची कात अंगाला चिकटून बसली होती, तीही भिजून निघाली. शेपटीच्या टोकाला कातेचे कडे राहिले तर ते आवळत जाते आणि टोक सडते, म्हणून तिथे काका थांबून राहिले. डोळ्यांना मात्र त्यांनी बोट लावले नाही. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक खवला असतो आणि तो कातेबरोबर आपोआप निघतो. ओढून काढायला गेले तर डोळाच जायचा.

"आता तू," ते म्हणाले. तोंडाची बाजू त्यांच्याच हाती होती. मी तांब्याने तिच्या पाठीवर पाणी सोडले. मग फडके घेतले. धामणीचे अंग गिळगिळीत असेल असे मला वाटले होते; ते नव्हते. ओल्या वेतासारखे होते आणि आत काहीतरी संथ धडधडत होते. माझा हात थरथरत होता. मला आमचे अंगण आठवत होते, एवढेच लिहितो.

शेवटी कोरड्या कापडाने टिपून तिला सुती पिशवीत ठेवले. काकांनी मला दोनदा साबणाने हात धुवायला लावले. सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. परदेशात लोक अजगर पाळतात, त्यांनाही हीच पथ्ये असतात म्हणे. रानातल्या सापाला या कशाची गरज नसते. त्याला दवाचे पाणी आणि कात घासायला दगड पुरतो. आंघोळीची पाळी आपण आणतो. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या माणसांबरोबर जाऊन आम्ही तिला माहुलीच्या पायथ्याशी सोडले. ती कारवीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

रविवारी एसटीने गावी गेलो आणि आजीला सगळे सांगितले. ती सुपात तांदूळ निवडत होती. बराच वेळ तिने मान वर केली नाही. मग विचारले, "पानी लई गार नव्हतं ना रं?"

"नाही आजी. कोमट होतं."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बोटे घातली.

आता आमच्या पडवीत कुणी जमिनीवर झोपत नाही. खाटा आहेत, मच्छरदाण्या आहेत. भिंतीवर मी खडूने १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा लिहिला आहे. पुसट झाला की आजी स्वतः मला पुन्हा लिहायला लावते. यंदाच्या पंचमीला मी पाटासमोर बसलो. पाटावर नेहमीसारखा गंधाचा नाग होता, लाह्या होत्या, दुधाची वाटी होती. वाटीशेजारी आजीने पाण्याने भरलेला तांब्याही ठेवला होता.