भुताच्या सदऱ्याची बाही

गणपतीत गल्लीत पडदा लागला आणि ‘झपाटलेला’ सुरू झाला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या दिसला की सतरंजीवर हशा पिकायचा; बाहुल्याने मान वळवली की तीच सतरंजी चिडीचूप. त्या रात्री त्याने आतेबहिणीची बाहुली कपाटात कोंडली आणि कडी दोनदा तपासली.

महेश कोठारेंचा हा चित्रपट १९९३चा. मरता मरता मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरणारा गुंड, ही कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटातली. पण इथल्या बाहुल्यात शिरलेल्या गुंडाचं, तात्या विंचूचं, घराणं अस्सल इथलं. आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि बाहुला हलवणारे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये, ज्यांच्या घरात वडिलांच्या काळापासून अर्धवटराव हा बाहुला बोलत आला होता.

पाचवीच्या मे महिन्यात त्याने स्वतःच भूत करायला घेतलं. फुग्यावर वर्तमानपत्राचा लगदा थापला. कसर लागू नये म्हणून आजीने त्यात मेथीची पूड घालायला लावली. वाळल्यावर ब्लेडने जबडा कापून काढला आणि सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी परत जोडला. आतून दोरा ओढला की तोंड उघडायचं, सोडला की खटकन मिटायचं. संध्याकाळी दिवे गेले तेव्हा त्याने ते माजघराच्या दारातून हळूच आत सरकवलं.

आत्या किंचाळली. मग भुताच्या मानेखाली तिला शाळेच्या सदऱ्याची बाही दिसली आणि हसता हसता ती खालीच बसली.

कॉलेजात त्याने सॅम रेमीचा ‘ईव्हिल डेड २’ (१९८७) पाहिला. त्यातली तळघरातली हेन्रिएटा म्हणजे रबरी सूट चढवलेला दिग्दर्शकाचा भाऊ, टेड. ती हवेत गरगर फिरते तेव्हा सूटमध्ये साचलेला टेडचा घाम तिच्या कानातून गळताना स्पष्ट दिसतो. ती जागा तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहायचा. त्याला ती चूक वाटलीच नाही. समोर खरंच काहीतरी आहे म्हणून धडकी भरते, आणि आत आपल्यासारखाच घामाघूम झालेला माणूस आहे म्हणून हसू फुटतं, हे त्याला तिथे कळलं.

परवा मुलीला ‘झपाटलेला’ दाखवला. तात्या विंचू चालू लागला तशी ती त्याला बिलगली आणि थोड्या वेळाने कुजबुजली, “बाबा, आत हात कुणाचा आहे?”

त्याने माळ्यावरून ते जुनं डोकं काढलं. मेथीचा वास अजून होता. ट्यूबचा मात्र भुगा झालेला. मुलीने वेणीचे दोन्ही रबर सोडून दिले. ते बांधून त्याने दोरा ओढला. जबडा उघडला, आणि दोघंही एकदमच मागे सरकली.