क्लीनर आणि लाल बटण

माझे वडील ट्रक चालवायचे. नवा क्लीनर आला की पहिल्याच दिवशी त्याला हँडब्रेक दाखवायचे. "मला काही झालं तर घाबरायचं नाही, हा ओढायचा." वडिलांना शुगर होती. एका रात्री धुळ्याच्या अलीकडे खरंच भोवळ आली. शेजारच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराने हँडब्रेक ओढला. गाडी कडेला घासत थांबली. त्यानंतर वडील बारा वर्षं जगले.

परवा सिरस कंपनीच्या व्हिजन जेटबद्दल वाचलं आणि तो पोरगा आठवला.

छोटं खासगी जेट, जास्तीत जास्त सात जणांचं. अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. इंजिन एकच, तेही पाठीवर. शेपटी व्ही आकाराची, म्हणजे इंजिनाचा झोत मधून मोकळा जातो. कॉकपिटमध्ये काट्यांच्या डायलची गर्दी नाही. समोर दोन मोठे स्क्रीन, खाली टचस्क्रीन, हाताशी बाजूला एक दांडा. सगळं सुटसुटीत, कारण ते एकट्या पायलटने चालवायचं असतं.

आणि तो एकटाच बेशुद्ध पडला तर?

त्यासाठी २०२० पासून छताला एक लाल बटण आलं. ते प्रवाशाने दाबायचं. मग हवामान, इंधन, डोंगर, धावपट्टीची लांबी बघून विमानच विमानतळ निवडतं. रेडिओवर कळवतं, प्रवाशांना धीर देतं, उतरतं, ब्रेक लावतं, इंजिन बंद करतं. शिवाय नाकात अख्खं विमान तोलणारं पॅराशूट आहेच.

या पॅराशूटमागे एक जखम आहे. कंपनीच्या संस्थापक भावांपैकी अ‍ॅलन क्लॅपमायर १९८५ मध्ये हवेतल्या धडकेतून वाचले. दुसऱ्या विमानाचा पायलट गेला. 'पायलटची चूक' म्हणून ते गप्प बसले नाहीत.

आपल्याकडे काय होतं? 'चालकाचा ताबा सुटल्याने अपघात.' बातमी संपली, फाईल बंद. तो किती तास जागा होता, जोडीला दुसरा ड्रायव्हर होता का, हे कोण विचारतं?

जेट श्रीमंतांचं, त्यांना लखलाभ. पण त्यामागचा विचार फुकट आहे. माणूस थकणार, चुकणार, कोसळणार, हे धरूनच व्यवस्था करायची. आमच्या सातवी पास वडिलांना ते कळत होतं.

पुढच्या वेळी रात्रीच्या बसचं तिकीट काढताना एसी आहे का, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, दुसरा ड्रायव्हर आहे का?