शेजारी कोण बसतं?

‘वर्गात मला कुणी जवळ घेत नाही,’ असं मूल घरी येऊन सांगतं तेव्हा आईबाप पुस्तकांच्या दुकानात जातात आणि बहुतेक वेळा बोधकथा घेऊन येतात. भांडू नये, वाटून खावं! हे त्या पोराला केव्हाच पाठ असतं. त्याला हवा असतो तीच वेळ सोसलेला कुणीतरी.

पंढरपूरकरांना तो फार लांब शोधावा लागत नाही. 1 मे 1947 ला साने गुरुजी याच गावी, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं, एवढंच मागणं.

कोण कुणाला शेजारी बसू देतं, हा प्रश्न त्यांच्या मागे लहानपणापासून होता. पालगडच्या लहानग्या श्यामला, म्हणजे गुरुजींनाच, आई सांगते, त्या महार म्हातारीची मोळी डोक्यावर चढवून दे. लोक काय म्हणतील म्हणून तो कचरतो. आई म्हणते, दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिताना गुरुजींनी ही आंघोळ वगळली नाही. हा प्रसंग मोठ्याने वाचावा, आणि तिथंच थांबून मुलांना बोलू द्यावं. पुस्तक रडवतं ही तक्रार जुनीच आहे. पण त्यातला श्याम चुकतो, हट्ट करतो, लाजतो, म्हणून तो वर्गातलाच वाटतो.

पुढं शिकायला दापोली, औंध, पुणे. गरिबी सोबत, वर्ग दर वेळी परका. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाल्यावर गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. एकटं पडणं काय असतं ते माहीत असलेल्या माणसाचंच हे काम.

जोडीला तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ द्यावं. चेतना सरदेशमुख गोसावींनी ते मराठीत आणलंय. त्यातल्या छोट्या तोत्तोचानच्या तोमोए शाळेत डब्यात समुद्रातलं काही आणि डोंगरावरचं काही असावं, एवढाच नियम. एखाद्याच्या डब्यात यातलं काही कमी असलं की मुख्याध्यापकांच्या पत्नी पातेल्यातून वाढत. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान स्वतःच्या झाडावर चढवते, तेही घरी न सांगता. मुलांना आवडतं ते हेच, मोठ्यांच्या परवानगीशिवाय जुळलेलं.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला आषाढी पौर्णिमेला काला होतो, सगळ्यांचा एकत्र. विठ्ठलमंदिराच्या नामदेव पायरीजवळ मात्र दलित संत चोखोबांची समाधी आहे, मंदिराच्या बाहेर. पंढरपूरचं मूल तिथून जाता-येता एक दिवस विचारतंच, ‘हे बाहेर का?’ ‘श्यामची आई’ हाती देण्याची वेळ तीच.