गोरेशास्त्र्यांचा आक्षेप

इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या थांबवतात, डिकी उघडायला लावतात. कुणाच्या सीटखाली दोन बाटल्या निघतात, कुणाच्या टेम्पोत पोत्यांमागे खोकीच्या खोकी. कायदा दोघांना एकच, 1949 चा दारूबंदीचा. पण दोघांना सारखीच शिक्षा व्हावी असे शेजारच्या चहाच्या टपरीवरही कुणी म्हणणार नाही. गुन्हा केवढा आणि त्याला दंड केवढा, हे माप आपल्या अंगातच असते. म्हणून ख्रिस्ती धर्मातला कधीही न संपणारा नरक मनाला पटकन पटत नाही. साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य, त्यातली मोजकी पापे, आणि शिक्षा मात्र बिनमुदतीची.

हे न पटणे एका मराठी माणसाने शास्त्रार्थाच्या रीतीने मांडले, त्याला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. नीळकंठशास्त्री गोरे हे 1825 साली झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले चित्पावन पंडित. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मत श्रेष्ठ ठरवले. विशीच्या आसपासच्या गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिले. एका जन्मातल्या मर्यादित पापाला अमर्याद शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा, हा त्यांचा रोख होता. त्यांच्या परंपरेत नरक कमी नव्हते. भागवताच्या पाचव्या स्कंधात तामिस्र, रौरव, कुंभीपाक असे अठ्ठावीस मोजले आहेत आणि त्यांतली वर्णने अंगावर काटा आणणारी आहेत. पण भोग सरला की जीव तिथून सुटतो.

पुढे 1848 मध्ये याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्र्यांचे नेहेम्या गोरे झाले, आणि 1868 मध्ये त्यांनी कलकत्त्याहून इंग्रजी पुस्तक काढले ते अनंत शिक्षेवरच्या आक्षेपांना उत्तर देणारे. तरुणपणी आपणच घेतलेल्या आक्षेपाला माणसाने प्रौढपणी उत्तर लिहावे, यात मला दांभिकपणा दिसत नाही. गोरे आयुष्यभर शंकांनी छळलेले, स्वतःशी कठोर असलेले गृहस्थ होते. ज्या धर्मासाठी घरदार सोडले त्याचा सोयीचा तेवढाच भाग घ्यायचा, हे त्यांना जमणारे नव्हते. कटू घोटही प्यायलाच हवा, अशी त्यांची वृत्ती.

गंमत अशी, की तो घोट त्या काळी इंग्लंडलाच जड जात होता. फ्रेडरिक मॉरिस या धर्मपंडिताची लंडनच्या किंग्ज कॉलेजातली प्राध्यापकी 1853 मध्ये याच प्रश्नावर गेली. 1877 मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीत अनंत नरकाविरुद्ध व्याख्याने देऊन खळबळ उडवणारे फ्रेडरिक फॅरर तर मुंबईत जन्मलेले. काशीचा पंडित इकडे जे सिद्धांत म्हणून स्वीकारत होता, ते तिकडचे पाद्री सोडू पाहत होते.

या शिकवणुकीचे सर्वांत भक्कम समर्थन अकराव्या शतकातल्या आन्सेल्मच्या विचारातून येते: अपराध अनंत ईश्वराचा, म्हणून त्याचे ओझेही अनंत. ऐकायला चोख आहे. पण अपराध कुणाचा घडला यावर शिक्षा ठरवण्याची रीत आपल्याला चांगली माहीत आहे. मनुस्मृतीत ब्राह्मणाला शिवी दिली तर दंड जास्त, शूद्राला दिली तर कमी. त्या मापाला आपण अन्याय म्हणतो, आणि ते माप आभाळाएवढे ताणले म्हणून त्याचा न्याय होत नाही.

हल्लीचे समर्थक वेगळे बोलतात. देव कुणाला नरकात ढकलत नाही, माणूस आपण होऊन तो निवडतो, असे ते म्हणतात. पण निवड मरणाच्या घटकेपर्यंतच, नंतर कितीही पस्तावले तरी दार बंद, अशी अट असेल तर तिला निवड कशी म्हणायची? आणि ज्याला सुधारायची मुभाच उरलेली नाही, त्याला दुःख देत राहण्याला शिक्षा तरी का म्हणायचे?

इथे छाती पुढे काढून ‘आमच्यात असले काही नाही’ म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. मध्वाचार्यांच्या मते काही जीव स्वभावतःच तमोयोग्य असतात आणि त्यांची गती कायमच्या अंधतमसात. पर्तगाळ मठाला मानणारी सारस्वत घरे गोव्यात आहेत, आणि तो मठ मध्वमताचा. कर्मसिद्धांतही फार मायाळू नाही. त्यात भोग संपतो खरा, पण मागच्या जन्माच्या नावावर अस्पृश्याची अवहेलना पिढ्यान्‌पिढ्या खपवून घेतली गेली.

आमच्या भागातली साधी माणसे मात्र या सिद्धांतांच्या फार नादी लागत नाहीत. देवळातल्या गाऱ्हाण्यात चुकल्यामाकल्याची माफी मागून त्याच दमात रक्षणाचे मागणे घातले जाते. नाताळात आमच्याकडे नेवऱ्या, दोदोल घेऊन येणाऱ्या एका ख्रिस्ती मावशींना मी एकदा थट्टेने विचारले, “मावशी, माझा बाप्तिस्मा नाय, म्हणजे मी नरकातच मा?” त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, “तुका थंय कोण धाडतलो? मी आसंय मा सांगूक.”

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने लिहून ठेवले आहे की स्वर्गातल्या धन्य आत्म्यांना नरकातल्यांच्या यातना दिसतील आणि त्यामुळे त्यांच्या सुखात भरच पडेल. अक्वायनस मोठा बुद्धिमान, पण या एका बाबतीत मी मावशींच्या बाजूचा आहे. शेजारी जळत असताना ज्याला सुख लागते, त्याला स्वर्गात ठेवायचे कशाला? गोऱ्यांचे वडील हिंदूच राहिले. 1868 चे पुस्तक लिहिताना मुलाच्या मनात वडील आले नसतील, असे मला वाटत नाही.

दरवर्षी 2 नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे कबरींवर मेणबत्त्या लावतात, मृतांसाठी मिस्सा होते. ही प्रार्थना शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी, म्हणजे ज्यांची सुटका होणारच आहे अशांसाठी. नरकात गेलेल्यासाठी प्रार्थनेचा उपयोग नाही, असे धर्मशिक्षण सांगते. तरीही आपले माणूस नरकात गेले असे समजून मेणबत्ती लावायची थांबलेली आई मी कुठे पाहिली नाही. चर्चनेही हजारो संत जाहीर केले, पण अमुक माणूस नरकातच आहे असे आजवर एकाही माणसाबद्दल अधिकृतपणे म्हटलेले नाही, येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही. विशीतल्या गोरेशास्त्र्यांचा आक्षेप मला अजूनही बिनतोड वाटतो, त्यांनी स्वतःच नंतर त्याला उत्तर लिहिले असले तरी.