गिअरवरचा हात

आमची मारुती ८०० ही १९९८ची, चार गिअरची. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, भंगारात देऊन टाक. ती गाडी निघायची बंद झाली २०१४लाच." मी दिली नाही. तिसरा गिअर टाकताना कर्रर्र आवाज यायचा आणि चौथा चालता चालता आपोआप सुटायचा. त्यावरून आमच्या घरात कितीतरी वर्षं वाद. "तू क्लच पुरता दाबत नाहीस," हे यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी शेवटी मी गाडीला हात लावणंच सोडलं होतं.

उद्यमबागेतले मेस्त्री म्हणाले, "वैनी, गिअरबॉक्स उतरवावाच लागतोय बघा." मी म्हटलं, "उघडाल तेव्हा मला बोलवा." ते हसले. पण बोलावलं.

स्टुलावर बसून मी सगळं पाहिलं. आधी जुनं ऑइल ट्रेमध्ये सोडलं. काळ्या तेलात सोनेरी चकाकी तरंगत होती. "पितळ हाय ते, रिंगांचं झिजलेलं." मग कवच दोन भागांत सुटलं. मला इतकी वर्षं वाटायचं, गिअर बदलला की आतली चाकं सरकून एकमेकांत बसतात. तसं नसतंच! पुढच्या गिअरांची चाकं कायम एकमेकांत गुंतलेली असतात. फोर्क मधली स्लीव्ह सरकवतो, ती हव्या त्या चाकाला शाफ्टशी बांधते. आणि बांधण्याआधी दोघांचा वेग सारखा करून द्यायचं काम त्या पितळी रिंगचं.

सुटे भाग काढल्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले होते. एक बारीक गोळी स्प्रिंगसकट उडाली. सगळे शोधत बसले, सापडली मला, टायरखाली. घरंगळलेलं शोधायची सवय आपल्याला असतेच.

मेस्त्रींनी तिसऱ्याची रिंग चाकाच्या कोनावर दाबून दाखवली. मध्ये फट राहायला हवी, ती जवळजवळ नव्हतीच. "क्लच अर्धवट दाबून गिअर टाकला की असं होतंय." मी गप्प. म्हणजे यांचं खरंच होतं.

मग त्यांनी फोर्क उचलला. त्याची टोकं एका अंगाने पार घासलेली. "गाडी चालवताना गिअरवर हात ठेवून कोण बसायचं काय ओ? त्या हाताचा दाब ह्याच्यावर येतोय. स्लीव्ह फिरत राहते, हा घासत राहतो. चौथा सुटणारच की."

तो डावा हात! गोव्याला जाताना, चोर्ला घाट उतरून सपाटीला लागलो की तो गिअरवर विसावायचा. मी शेजारी. कधी कधी मीही माझा हात त्यावर ठेवत असे. हे मेस्त्रींना कसं सांगणार?

नवी रिंग तेलात बुडवून बसवली, फोर्क बदलला, सील नवे घातले. बॉक्स जागेवर चढवून, भोकातून ओघळेपर्यंत ऑइल भरलं. जुना फोर्क टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी तो रॉकेलने पुसून पिशवीत ठेवला.

तिसऱ्या रेल्वे गेटाकडे गर्दी, तिथे चौथा कुठला पडायला! म्हणून गाडी उलट खानापूर रस्त्याला घेतली. क्लच तळापर्यंत दाबला. चौथा पडला आणि राहिला. दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पोचायचं होतं, तरी पिरनवाडीच्या पुढे गेले. हात मात्र दोन वेळा गिअरवर गेला. दोन्ही वेळा मी तो उचलला.